आयकॉन फिरतो, खिडकी येत नाही

लिनक्सवर ब्राउझर उघडला नाही तर माणूस वैतागतो. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं नाही तर गांगरतो. ब्राउझर रुसला की टर्मिनल उघडायचं, तिथे त्याचं नाव टाइप करायचं आणि तो काय कुरकुर करतोय ते वाचायचं, ही सवय हातात बसलेली असते. पण टर्मिनलच उघडत नसेल तर टाइप कुठे करणार? जो उपाय शोधायला जावं तो ‘आधी टर्मिनल उघडा’ याच ओळीने सुरू होतो. वैद्यच तापाने फणफणून पडलाय आणि औषधाच्या कपाटाची किल्ली त्याच्याच उशाखाली, अशी गत.

लक्षणं म्हणावीत तर तीही धड नसतात. आयकॉनवर क्लिक केलं की बाणाशेजारचं चक्र थोडा वेळ फिरतं आणि थांबतं. मग काहीच घडलं नाही असा चेहरा करून डेस्कटॉप आपल्याकडे बघत राहतो. एररची चौकट येत नाही, साधा ‘टिंग’ आवाजही होत नाही. टर्मिनल उघडायचा शॉर्टकट, कंट्रोल-आल्ट-टी, दाबला तरी तेच. मग आपण तीच बटणं पुन्हा दाबतो, या खेपेला जरा जोरात, जणू आधी त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं.

खरं तर ऐकू न येण्याचा प्रकार उलट्या बाजूने चाललेला असतो. तो प्रोग्राम मुकाट्याने मेलेला नसतो. मरताना कारण सांगून गेलेला असतो, बहुतेक वेळा एकाच ओळीत आणि पुष्कळदा अगदी नेमकं. युनिक्स ही लिनक्सची पूर्वज प्रणाली; तिच्या घराण्यातल्या प्रत्येक प्रोग्रामला जन्मतः तीन वाटा मिळतात: एक आत येणारी, एक बाहेर जाणारी, आणि तिसरी केवळ तक्रारींसाठी राखलेली. टर्मिनलमधून काही चालवलं तर ही तिसरी वाट आपल्या डोळ्यांसमोर येऊन संपते. आयकॉनवरून चालवलं तर ती डेस्कटॉपच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जाऊन पडते, आणि तो लॉग आपण होऊन कोणी उघडत नाही. साध्या वापरणाऱ्याला असल्या ओळी दाखवून कशाला घाबरवायचं, असा विचार यामागे असावा. हेतू चांगला असेलही. पण ‘हा प्रोग्राम सुरू होता होता बंद पडला, कारण इथे वाचा’ एवढी एक चौकट दाखवायला काय हरकत होती, हे मला कधीच पटलेलं नाही. त्या शांततेपेक्षा कुठलीही एरर कमी भीतीदायक असते.

तेव्हा दुरुस्तीचं निम्मं काम म्हणजे ती ओळ जिथे पडली आहे तिथवर पोचणं. उरलेलं निम्मं म्हणजे आपण ज्याला टर्मिनल म्हणतो त्यात किती जण दाटीवाटीने राहतात, हे ठाऊक असणं.

1969 साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सची सुरुवात झाली, त्या काळात संगणकाशी बोलायचं नेहमीचं साधन म्हणजे टेलिटाइप. टाइपरायटरसारखं खडखडणारं लोखंडी यंत्र. 1963 साली आलेलं मॉडेल 33 सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, तीही सगळी कॅपिटल. लिनक्समध्ये आजही जागोजागी दिसणारं ‘टीटीवाय’ हे त्याच टेलिटाइपचं संक्षिप्त नाव. पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. 1978 च्या व्हीटी100 या पडद्याच्या टर्मिनलने 80 रकाने आणि 24 ओळींचा जो साचा घालून दिला, तो आजही नव्या टर्मिनलच्या खिडकीला पहिल्या मापाला पुरतो. 1984 मध्ये एक्सटर्म आलं. तोवर जे यंत्र टेबलावर बसायचं, त्याचं सोंग आता पडद्यावरच्या खिडकीने घेतलं. म्हणूनच या प्रोग्रामांना टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. यंत्रं केव्हाच भंगारात गेली, सोंग मात्र चालू आहे.

सोंग वठवायचं तर बरंच सामान लागतं. खिडकी काढणारा एक प्रोग्राम. टेलिटाइपच्या तारेची जागा घेणारी, कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, पुरवलेली खोटी तार. हिला स्यूडो टर्मिनल म्हणतात. त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला बसलेलं, कमांड वाचून चालवणारं शेल, म्हणजे बॅश किंवा त्याचं एखादं भावंड. आपण ज्या चिन्हापुढे कमांड लिहितो ते चिन्ह शेलचं असतं, खिडकीचं नव्हे. नोम या डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये खिडकीच्या कामाचेही दोन वाटे आहेत. आपण जो प्रोग्राम चालवतो तो नुसता निरोप्या. पडद्याआड एक सर्व्हर असतो, आणि ‘एक खिडकी हवी आहे’ हा निरोप डी-बस नावाच्या व्यवस्थेमार्फत त्याच्याकडे जातो. सर्व्हर चालू नसेल तर डी-बसने त्याला उठवायचं. दहा खिडक्या उघडल्या तरी त्या सांभाळणारा सर्व्हर एकच. यात मेमरी वाचते, पण बिघाड झाला की गोंधळ वाढतो. निरोप्या सांगतो, ‘सर्व्हरशी बोलणं जमलं नाही’. सर्व्हर का उठला नाही, हे त्याला बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार.

एवढं लक्षात असलं की नुसत्या लक्षणांवरूनही बराच अंदाज बांधता येतो. चक्र फिरलं आणि खिडकी आलीच नाही, तर दुखणं खिडकी काढणाऱ्याकडे. शेलची पाळी अजून आलेलीच नाही. खिडकी लखकन येऊन मिटली, तर खिडकीवाला ठणठणीत आहे आणि शेल जन्मतःच गेलं. खिडकी आली, टिकली, पण आत कर्सरशिवाय काहीच नाही, तर शेल आपल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कशासाठी तरी ताटकळलंय. कोणीतरी त्या फाइलमध्ये नेटवर्कवरून काही आणायची ओळ घातलेली असते आणि नेटवर्क नसतं. हा तिसरा प्रकार सर्वांत सोपा. कंट्रोल-सी दाबलं की बरेचदा शेल त्या ओळीचा नाद सोडून जागेवर येतं.

पहिल्या प्रकारासाठी मात्र दुसरं दार लागतं, आणि ते जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये आधीपासून असतं. कंट्रोल-आल्ट-एफ3. लॅपटॉप असेल तर कदाचित सोबत एफएन. डेस्कटॉप नाहीसा होतो आणि काळ्या पडद्यावर लॉगिन विचारणारी एक रुक्ष ओळ येते. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आपल्या उघड्या फाइली गेल्या असं वाटतं. त्या कुठेही गेलेल्या नसतात. हा कर्नलचा स्वतःचा कन्सोल, डेस्कटॉपच्या शेजारचं दालन. परत जायला कंट्रोल-आल्टसोबत बऱ्याच ठिकाणी एफ2, कुठे एफ1, जुन्या व्यवस्थेत एफ7. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत, त्याने बिचकायचं नाही.

डेस्कटॉप मराठीत ठेवणाऱ्यांना इथे एक गंमत भेटते. या कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त 512 चिन्हं मावतात आणि देवनागरी त्याच्या खिजगणतीत नाही. त्यामुळे मराठीत आलेला प्रत्येक संदेश चौकटींची किंवा प्रश्नचिन्हांची माळ होऊन समोर येतो. इतक्या खटाटोपाने आपण त्या तक्रारीपर्यंत पोचलो आणि ती वाचताच येत नाही! भाषा ठरवणाऱ्या एलसी-ऑल नावाच्या चलाला ‘सी’ ही किंमत दिली की संदेश इंग्रजीत येऊ लागतात आणि काम पुढे सरकतं.

कन्सोलवर आल्यावर एक चकवा टाळायचा. साहजिकच मनात येतं की इथूनच टर्मिनलचा प्रोग्राम चालवून बघावा. तसं केलं की लगेच एरर मिळते: डिस्प्ले उघडता येत नाही. सापडलं, असं वाटतं, आणि माणूस डिस्प्लेच्या मागे लागून ग्राफिक्स ड्रायव्हर उपसायला बसतो. पण ती एरर मूळ दुखण्याची नव्हेच. काळ्या कन्सोलला डेस्कटॉपचा पडदा दिसत नाही, म्हणून तिथून कुठलाही खिडकीवाला प्रोग्राम हेच म्हणणार. या दालनात यायचं ते लॉग वाचायला. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये जर्नलसीटीएल ही कमांड तो दाखवते. तिला यूजर हा पर्याय दिला की फक्त आपल्या खात्याच्या नोंदी येतात. डेस्कटॉपवर जाऊन एकदा आयकॉनवर क्लिक करायचं, लगेच इकडे येऊन शेवटच्या ओळी बघायच्या. त्या ओळींत काय असेल याची यादी करायला बसलं तर संपणार नाही. पण दोन कारणं अशी आहेत की ती कळल्यावर त्या शांततेचा राग थोडा निवळतो.

पहिलं लोकेलचं. लोकेल म्हणजे भाषा, तारखेची पद्धत, आणि मुख्य म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची, याचं ठरलेलं खातं. नोमच्या टर्मिनलची अट स्पष्ट आहे: हे खातं यूटीएफ-8 चं हवं. नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. तो 8 हा आकडा मागे ठेवून निघून जातो, आणि लॉगमध्ये ओळ पडते की ‘एएनएसआय एक्स3.4-1968’ हे लोकेल चालणार नाही. आता हे नाव वाचून कोणाला काय उमगणार? हे आहे आस्कीचं मानक म्हणून नोंदलेलं अधिकृत नाव, 128 चिन्हांची जुनी इंग्रजी वर्णमाला. झालेलं असतं एवढंच की भाषेची सेटिंग पुसली गेली, किंवा मुळात काटकसरीने केलेल्या इन्स्टॉलेशनमध्ये ती भरलीच नव्हती; अशा वेळी प्रणाली सगळ्यांत जुन्या मुक्कामाला, आस्कीला, परतते. जे लोकेल प्रणालीत तयारच केलेलं नाही त्याचं नाव सेटिंगमध्ये असेल तर मागे राहणारा आकडा 9. डिस्प्लेशी गाठ पडली नाही तर 10. हे आकडे माहीत असतील तर निरोप्याची ती लांबलचक, अगम्य वाटणारी एरर एकदम कामाची होते, कारण तिच्या शेपटाला यांतला एक आकडा लटकलेला असतो.

ही अट मला आधी आडमुठी वाटायची. आता वाटत नाही. आस्कीत 128 च्या पुढे काही नाही. यूटीएफ-8 मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वारसुद्धा वेगळा. टर्मिनलला आत एकच पद्धत धरून चालता आलं तर निम्म्या कटकटी मिटतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 च्या सप्टेंबरात ही पद्धत बांधली, आणि तिचा पहिला आराखडा न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात ताटाखाली घालायच्या कागदावर मांडला गेला. हा थॉम्पसन म्हणजे 1969 मध्ये युनिक्सचा पाया घालणाऱ्यांतला. ज्याच्या उमेदीच्या काळात टेलिटाइप खडखडत होते, त्यानेच पुढे अशी सोय केली की त्या टेलिटाइपच्या वारसदाराला मराठी लिहिता यावं. (खिडकीत ते नीट दिसतं का, हा वेगळा विषय. सारख्या मापाच्या चौकोनांत जोडाक्षरं बसवताना बहुतेक टर्मिनल अजून धडपडतात, आणि ‘क्ष’ चे तुकडे बघायची सवय आपल्याला झाली आहे.)

दुसरं कारण पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं, आणि ते जास्त शिकवून जातं. उबुंटू या लिनक्स वितरणाच्या काही आवृत्त्यांमध्ये टर्मिनलच्या नावाने जी फाइल असते तो खरा प्रोग्राम नसतो. ती असते पायथनमध्ये लिहिलेली छोटी पटकथा (स्क्रिप्ट), जी पुढे खऱ्या प्रोग्रामला हाक मारते. तिची पहिली ओळ सांगते की मला ‘पायथन3’ या नावाच्या प्रोग्रामकडून वाचून घ्या. आता कोणाला तरी आपल्या कामासाठी पायथनची नवी आवृत्ती हवी असते. ती इन्स्टॉल होते, आणि सोयीचं म्हणून ‘पायथन3’ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं जातं. नवं पायथन छान चालतं. मात्र ती पटकथा ज्या जीआय नावाच्या जोडणीवर उभी आहे, तिचा बांधीव भाग वितरणाने फक्त आपल्या मूळ पायथनसाठी बांधलेला असतो. नव्या पायथनला तो सापडत नाही, पटकथा पहिल्या पायरीवरच कोसळते आणि आयकॉन नुसता फिरतो. ज्या दुपारी पायथन बदललं त्या दुपारी एक टर्मिनल उघडंच असतं, ते चालूच राहतं. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर टर्मिनल उघडेनासं होतं, आणि तोवर पायथनची आठवणही राहिलेली नसते. ‘काल तर चालत होतं, मी टर्मिनलला हातही लावला नाही’ हे वाक्य अशा वेळी शब्दशः खरं असतं.

यावरचे उपाय दोन. पटकथेच्या पहिल्या ओळीत जुन्या आवृत्तीचं नाव लिहून टाकायचं, किंवा ‘पायथन3’ हे नाव मूळ जागी परत वळवायचं. पहिला जास्त सुचवला जातो, कारण झटपट होतो. मला दुसराच बरोबर वाटतो. त्या नावावर भिस्त ठेवून बसलेलं टर्मिनल हे एकटंच नाही. डेस्कटॉपची इतर कितीतरी साधनं तिथेच टेकलेली असतात आणि तीही आज ना उद्या अशीच फिरत राहतील. नवं पायथन हवं तर त्याला त्याच्या पूर्ण नावाने बोलवावं, किंवा प्रकल्पापुरतं वेगळं वातावरण करून घ्यावं.

राहता राहिला सर्वांत लोकप्रिय उपाय: काढून पुन्हा इन्स्टॉल करा. वरच्या दोन्ही प्रसंगांत याने काही होत नाही. लोकेल टर्मिनलच्या पॅकेजमध्ये नसतं, पायथनचं नावही नसतं. शिवाय आपल्या आवडीनिवडी होम फोल्डरमध्ये असतात, आणि पॅकेज काढल्याने त्या जात नाहीत. त्यापेक्षा नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करावं. तिथे टर्मिनल उघडलं तर दुखणं आपल्या होम फोल्डरात आहे, नाही उघडलं तर प्रणालीत. एका लॉगिनमध्ये शोध अर्ध्यावर येतो. ग्राफिक्स कार्डावर चालणारी नवी वेगवान टर्मिनलं ओपनजीएल ही चित्र काढायची सोय मिळाली नाही तर अडून बसतात, खास करून व्हर्च्युअल मशीनमध्ये. तिथे साधं टर्मिनल वापरून मोकळं व्हावं. आणि डिस्कवर जागा शिल्लक आहे ना, हे आधी बघावं. भरलेली डिस्क कुठल्या रूपात समोर येईल याचा नेम नसतो.

या सगळ्यासाठी मी प्रत्येक यंत्रावर एक्सटर्म ठेवते. दिसायला अगदी ओबडधोबड, पण त्याला डी-बस लागत नाही, सर्व्हर लागत नाही, पायथनशी देणंघेणं नाही. आल्ट-एफ2 दाबून आलेल्या चौकटीत त्याचं नाव टाइप केलं की उभं राहतं, आणि डेस्कटॉपच्या आतच उभं असल्यामुळे तिथून रुसलेलं टर्मिनल चालवलं तर खरी तक्रार वाचायला मिळते.

माझ्या मावसभावाचं प्रकरण मात्र यापलीकडचं निघालं. फोनवर म्हणाला, “ताई, टर्मिनल लखकन दिसतं आणि जातं.”

“म्हणजे शेल गेलं. काही काढून टाकलंस का?”

“छे गं. झेडशेल वापरून बघितलं होतं, आवडलं नाही, म्हणून काढलं. पण ते काल.”

कालच तर. झेडशेल गेलं, पण भावाच्या खात्यापुढे ‘याचं लॉगिन शेल झेडशेल’ ही नोंद तशीच होती. खिडकी उघडे, नोंदीप्रमाणे झेडशेलला हाक मारे, आणि ओ देणारं कोणी नसे. काळ्या कन्सोलचं दारही अशा वेळी बंद, कारण तिथलं लॉगिन तीच नोंद वाचतं. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनच्या ओळीवर आणून सोडतं. तिकडे जाऊन आल्यावर त्याचा धीर सुटला होता. “रीस्टार्ट करू का?” त्याने विचारलं.

“अजिबात नाही. आत आहेस तोवर बरं आहे. एक्सटर्म आहे ना?”

होतं. एक्सटर्मला सांगता येतं की नोंद काहीही असो, तू अमुकच प्रोग्राम चालव. आल्ट-एफ2 च्या चौकटीत एक्सटर्म, मग डॅश-ई, मग बॅश. काळी-पांढरी खिडकी उघडली आणि टिकली. शेल बदलायची नेहमीची कमांड सीएचएसएच. तिने नकार दिला. डेबियन या वितरणाच्या घराण्यात तिचा नियम असा की ज्याचं सध्याचं शेल मान्य शेलांच्या यादीत आहे त्यालाच ते बदलता येतं, आणि झेडशेलचं पॅकेज जाताना त्या यादीतलं आपलं नावही घेऊन गेलं होतं. नियमाला अर्थ आहे: ज्यांना मुद्दाम बंदिस्त शेल दिलेलं असतं त्यांनी ते आपल्या हाताने सोडवून घेऊ नये. माझ्या भावाला त्या क्षणी तो अर्थ ऐकायचा नव्हता. सुडोला, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या कमांडला, हा नियम लागू नाही, म्हणून सुडोच्या मागे खात्याची नोंद बदलणारी यूजरमॉड कमांड लावून खात्यापुढे बॅशचा पूर्ण पत्ता लिहिला.

“झालं? आता लॉगआऊट करून बघू?”

“थांब. आधी कंट्रोल-आल्ट-एफ3 वर जा आणि तिथे लॉगिन होतंय का बघ. झालं तरच इकडचं सेशन बंद कर. तोवर ही एक्सटर्मची खिडकी मिटायची नाही.”